निरीक्षकाने बोलायचं नसतं

प्रश्न विचारल्यावर तो अकरा सेकंद थांबला.

तिच्या हातातलं घड्याळ सेकंदाचा दहावा भागही दाखवत होतं, तेव्हा नेमकं सांगायचं तर अकरा पूर्णांक चार. त्याआधी दोन महिन्यांत तिने पाच शिक्षकांचे चाळीस तास पाहिले होते. प्रश्न विचारायचा, जेमतेम एक सेकंद जाऊ द्यायचा आणि उत्तर आपणच देऊन मोकळं व्हायचं, अशी सगळ्यांची रीत. एक बाई तर प्रश्न आणि उत्तर एका श्वासात म्हणत. वर्ग जरा शांत झाला, की शिक्षकाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. हे सगळं तिच्या वहीत आकड्यांनिशी होतं. अकरा हा आकडा मात्र वहीत कुठेच नव्हता.

अडचण एवढीच होती, की तो वाट बघत होता ती तिच्या उत्तराची.

"मागच्या बाकावर, खिडकीशी... हो, तुम्हीच," असं म्हणून त्याने विचारलं होतं, "चेंडू सरळ वर फेकला. अगदी वर पोचला, क्षणभर थबकला. त्या क्षणी त्याच्यावर बल आहे का? असलं तर कुठल्या दिशेला?"

तिला उत्तर येत होतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून, वर तीन वर्षं मुलं भौतिकशास्त्र कशी शिकतात यावर संशोधन करणाऱ्या बाईला ते न येऊन कसं चालेल? पण निरीक्षकाने वर्गात बोलायचं नसतं. भिंतीसारखं बसायचं असतं. आणि इथे भिंतीलाच प्रश्न विचारला होता! पहिल्या वर्षाची साठ मुलं माना वळवून बघत होती. तिचे कान तापले. शेवटी तिने नकारार्थी मान हलवली.

वर्ग हसला. तो हसला नाही.

"हरकत नाही. विचार करा सावकाश. आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे?"

खरं तर ती आली होती एका वयस्कर प्राध्यापिकेचा तास बघायला. बाईंचा पाय आदल्या दिवशी जिन्यात मुरगळला आणि त्यांच्या जागी हा उभा राहिला. ते तिला कुणी कळवलं नाही आणि ती येणार हे त्याला कुणी कळवलं नाही. तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत तिने आपली ओळख करून दिली, तेव्हा तो हातातला डस्टर खाली ठेवायचंच विसरला.

"म्हणजे तुम्ही विद्यार्थिनी नाही?"

"नाही."

"आणि उत्तर येत होतं?"

"हो."

"वा! आणि मी बिचारा विचार करत होतो, की हिला चेंडू आणखी सोपा करून कसा सांगावा."

"निरीक्षकाने बोलायचं नसतं," ती म्हणाली. बोलल्यावर तिला वाटलं, जरा जास्तच कोरडं झालं. म्हणून तिने पुस्ती जोडली, "चेंडू तसा सोपाच होता."

बाईंचा पाय बरा व्हायला सत्र जाणार होतं. तोवर वर्ग त्याचाच. तिने संमतीपत्र पुढे केलं. त्याने ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. असं वाचणारा तिला पहिलाच भेटला. मग विचारलं, "पण तुम्ही मोजणार काय?"

"ते सांगता येत नाही. सांगितलं तर तुम्ही नेमकं तेच बदलाल."

"आणि मी ओळखलं तर?"

"मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

"ठरलं तर. दर तासाला एक अंदाज." त्याने सही केली. "सत्र संपलं की खरं उत्तर द्यायचं."

"देईन," ती म्हणाली. एरवी दुकानात वहीचा रंग निवडायलाही तिला पाच मिनिटं लागत.

तिच्या प्रबंधात शिक्षकांना नावं नव्हती, अक्षरं होती. क, ख, ग, घ, च हे आधीचे पाच. हा सहावा, म्हणून छ.

*

मंगळवार आणि शुक्रवार. ती मागच्या भिंतीला टेकून खुर्ची टाकायची, उजव्या हाताला कॅमेऱ्याचा स्टँड, मांडीवर वही. तास संपला, की तो खडूचे हात झटकत तिच्यापर्यंत यायचा.

"मी फळ्याकडे तोंड करून किती वेळ उभा राहतो, ते मोजता?"

ती वायर गुंडाळत राहायची.

"किती वेळा 'समजलं का' विचारतो, ते?"

वायर गुंडाळून व्हायची.

"शर्टाला खडू किती लागतो, ते?"

यावर तिला ओठ आत घ्यावे लागले. तो खूश झाला. "हसलात! म्हणजे शर्टच. पुढच्या तासापासून पांढरा घालून येतो, बघू तुम्ही काय मोजता ते."

"मी हसले नाही."

"ताकाला तूर लागू देत नाही तुम्ही," तो म्हणाला आणि पुढच्या मंगळवारी खरोखरच पांढरा शर्ट घालून आला.

एका शुक्रवारी तास संपता संपता पाऊस आला. दोघं सायकलींच्या पत्र्याखाली अडकली. पत्र्यावर असा ताशा वाजत होता, की बोलायला जवळ सरकावं लागत होतं. तिने कॅमेऱ्याची पिशवी दोघांच्या मधे धरली... पावसाने भिजू नये म्हणून.

"मला शाळेत मठ्ठ म्हणायचे," तो एकदम म्हणाला.

"तुम्हाला?"

"उत्तर यायचं हो मला. पण ते येईपर्यंत बाई पुढच्या प्रश्नावर गेलेल्या असायच्या. मी हात वर करून मागच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचो आणि सगळा वर्ग हसायचा. मग मी हात वर करणंच सोडलं." पत्र्याच्या कडेवरून पडणारी धार त्याने तळहातावर घेतली. "म्हणून मी जरा थांबतो. मुलांना वेळ देतो. वेडेपणा असेल... विभागप्रमुख म्हणतात, तुम्ही सगळ्यांच्या दोन धडे मागे आहात. तुम्हाला काय वाटतं?"

तिला काय वाटत होतं! ती गेले कित्येक आठवडे जे मोजत होती, नेमकं तेच त्याने ओंजळीत आणून तिच्यापुढे धरलं होतं. एक शब्द बोलली असती, तर पुढच्या तासापासूनचे सगळे आकडे कुचकामी झाले असते.

"पाऊस थांबला," ती म्हणाली.

त्याने बाहेर पाहिलं. मग तिच्याकडे. "अजून धो धो पडतोय."

"हो का?"

"हो," तो म्हणाला. "पण हरकत नाही. थांबू या."

*

सत्र संपलं आणि खोलीत बसून करायचं काम सुरू झालं. प्रत्येक तासाची चित्रफीत दोघींनी वेगवेगळं बसून बघायची. दर पंधरा सेकंदांना दोन रकान्यांत खूण करायची. शिक्षक कुठे बघतोय आणि मुलं काय करतायत. मग दोघींच्या खुणा ताडून बघायच्या. नव्वद टक्के जुळल्या, तर नोंदी विश्वासाच्या.

दुसरी होती तिची प्रयोगशाळेतली मैत्रीण. तिला सगळे भिंग म्हणत, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. भिंगाने तिचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं.

"मोजपट्टे, इकडे ये," एका दुपारी भिंगाने हाक मारली. "क ब्याण्णव टक्के. ख चौऱ्याण्णव. ग, घ, च सगळे नव्वदच्या वर. आणि छ किती, सांग."

"किती?"

"एकसष्ट."

"गणित चुकलं असेल."

"दोनदा केलं. बस इथे." भिंगाने पडद्यावर एक चौकट थांबवली. "हा मुलगा काय करतोय?"

"विचार करतोय."

"झोपलाय! डोळे मिटलेत त्याचे. आणि ही?"

"ही... विचारात..."

"वेणी घालतेय शेजारणीची. तू लिहिलंयस, 'विचारात मग्न'. तुझ्या मते छ च्या वर्गात साठच्या साठ मुलं चोवीस तास विचारात मग्न आहेत. ऋषिमुनींचा आश्रम आहे का तो?"

तीन वर्षं तिने आपल्या नोंदींचा काटा केसभर हलू दिला नव्हता.

"ते राहू दे," भिंग जरा खालच्या आवाजात म्हणाली. "आता शिक्षकाची नजर. मी तेवीस ठिकाणी लिहिलंय, 'कॅमेऱ्याकडे'. तू किती ठिकाणी?"

तिला बघायची गरज नव्हती. "एकाही नाही."

"तेवीस वेळा तो माणूस सरळ कॅमेऱ्याकडे बघतो, आणि तुला एकदाही दिसत नाही. इतर पाचजणांपैकी कुणी दोनदाही बघत नाही गं कॅमेऱ्याकडे." भिंगाने खुर्ची वळवली. "कॅमेऱ्याला लागून कोण बसतं?"

पडद्यावर तो पांढऱ्या शर्टात, हातात खडू धरून, तिच्याकडे बघत थांबला होता.

"मोजपट्टे," भिंग म्हणाली, "तू लाल झालीयस. आणि मी ही नोंद दोनदा तपासणार नाही."

*

गंमत वाटली, ती त्या दुपारपुरती. संध्याकाळी घरी जाताना तिला सगळा हिशेब दिसायला लागला.

छ चा वर्ग म्हणजे तिच्या प्रबंधाचा कणा. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांची जी चाचणी घेतली होती, ती यंत्राने तपासली होती, तिथे तिच्या नजरेचा संबंध नव्हता. त्या चाचणीत छ ची मुलं सगळ्यांच्या पुढे गेली होती. वर्ग ठेवला, तर प्रबंध दोन महिन्यांत हातावेगळा होत होता. पण सोबत एक प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं, निरीक्षकाचा कुठल्याही शिक्षकाशी व्यक्तिगत संबंध नाही असं. त्याखाली सही करायची, मग ती खरी ठेवायची. आणि वर्ग काढला, तर सहावा वर्ग नव्याने शोधायचा, आणखी एक सत्र, पुन्हा पहिल्यापासून. शिवाय का काढला, ते सांगायचं.

"मी आणि आणखी कुणीतरी मिळून नोंदी नव्याने करू," भिंगाने सुचवलं. "तुझी एकही खूण त्यात राहणार नाही. मग काय अडचण?"

"खुणा बदलतील गं. पण तो शिकवत असताना मी तिथे बसले होते, ते कसं बदलायचं?"

तिने ठेवला नाही आणि काढलाही नाही. त्याचे दोन निरोप आले. पहिला : 'सत्र संपलं. आता सांगा, काय मोजलंत?' दुसरा, आठवड्याने : 'शर्ट नव्हता ना?' दोन्हींना तिने एकच उत्तर धाडलं, 'अहवाल झाला की सांगते.' तिसरा निरोप आला नाही. तो न आल्याचं तिला दिवसातून चारदा कळत होतं.

दर सोमवारी मार्गदर्शक मॅडम विचारत, "छ चं काय ठरलं?"

"बघते, मॅडम."

"बघा. ठेवा किंवा काढा, पण कारण एका वाक्यात द्यायचं. मला पाल्हाळ चालत नाही."

असे चार सोमवार गेले. चौथ्या सोमवारी आत्याने चहाचा कप तिच्यापुढे आपटला. आत्या तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होती. निवृत्तीनंतर तिच्या वॉर्डात ही एकच रोगी उरली होती.

"महिना झाला, एकच पान उघडून बसतेस. काय अडलंय?"

"एक वर्ग ठेवायचा की काढायचा, ते ठरत नाहीये. छ चा."

"छ म्हणजे?"

"एक शिक्षक आहेत. नाव घ्यायचं नसतं."

"म्हणजे छत्रीतला छ." आत्याने सहज हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं. "बोल की त्याच्याबद्दल. कसा आहे?"

"तसं काही नाही, आत्या. बरे शिकवतात. वर्गात थांबतात ते मुलांसाठी..."

"अठ्ठ्याण्णव," आत्या म्हणाली.

"काय?"

"नाडी. मघाशी बहात्तर होती." आत्याने मनगट सोडलं. "तुला ठरवायचं काही राहिलेलं नाही, बाई. ठरून कधीच झालंय. तोंडातून काढायचं तेवढं राहिलंय. तो चहा पी आधी."

*

गुरुवारी विभागात तिचं व्याख्यान होतं. आजवरचं काम सगळ्यांपुढे मांडायचं, भाग घेतलेल्या शिक्षकांनाही आमंत्रण. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिसऱ्या रांगेत कडेला तो बसलेला दिसला, आणि तिच्या हातातली दर्शक काठी एकदम जड झाली.

पडद्यावर पाच स्तंभ होते. क, ख, ग, घ, च.

"वर्ग तर सहा होते ना?" कुणीतरी विचारलं.

"सहाव्याचा निर्णय... अजून झालेला नाही," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता म्हणाली. तो उठून गेल्याचं तिला दार वाजल्यावर कळलं.

प्रश्नोत्तरं कशीबशी उरकून ती बाहेर धावली. तो जिन्यात भेटला, दुसऱ्या वळणावर. कठड्याला टेकून उभा होता. पुढे जायचं होतं आणि पाय निघत नव्हता, असा.

"इतका वाईट होता माझा वर्ग?" त्याने विचारलं. रागाने नव्हे. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. "सांगायचंत हो. मी दोन निरोप पाठवले. म्हटलं, शर्टाची चेष्टा तुम्हाला आवडली नसेल."

"वाईट नव्हता..."

"विभागप्रमुख म्हणाले होते, वेळ वाया घालवता. तुमच्या पडद्यावर माझं अक्षरच नाही म्हटल्यावर... बरोबरच आहे त्यांचं. पुढच्या सत्रापासून प्रश्न विचारीन आणि उत्तर देऊन टाकीन. सगळे देतात तसं. धडे तरी पूर्ण होतील."

एवढा वेळ तिने जे काही जपून ठेवलं होतं, त्याचा हा असा अर्थ निघाला होता. ती गप्प राहिली म्हणून हा थांबणं सोडणार! आणि मग त्याच्यासारखंच कुणी सावकाश विचार करणारं पोर पुन्हा हात खाली घेणार.

"तेच मोजत होते मी," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही प्रश्न विचारल्यावर किती थांबता, ते. सत्रभर तेच मोजत होते. आता सांगायला हरकत नाही, नोंदी संपल्या. सगळे जेमतेम एक सेकंद थांबतात. तुम्ही सरासरी सव्वानऊ. आणि शेवटच्या चाचणीत तुमची मुलं सहा वर्गांत पहिली आली आहेत. थोडीथोडकी नाही, दुसऱ्या आलेल्या वर्गाच्या जवळजवळ दुपटीने सुधारली आहेत. उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर एका मुलीने लिहिलंय, 'या वर्गात मला पहिल्यांदाच वाक्य पूर्ण करता आलं.' मी दाखवते तुम्हाला ते पान. पण थांबणं सोडू नका. धडे राहू देत मागे..."

ती एका दमात इतकं कधीच बोलली नव्हती. तो कठडा धरून हळूच पायरीवर बसला. दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले. त्याचे खांदे खाली आले, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ते आजवर नेहमी वर उचललेलेच असत. त्याचा जीव भांड्यात पडताना तिने डोळ्यांनी पाहिला.

"म्हणजे मी मठ्ठ नव्हतो," तो म्हणाला.

"कधीच नव्हता."

"मग माझं अक्षर पडद्यावर का नाही?"

ती त्याच्या शेजारी, एक पायरी सोडून बसली. "तुम्ही कॅमेऱ्याकडे तेवीस वेळा बघितलंत."

तो क्षणभर गोंधळला. मग त्याच्या कानांच्या पाळ्या गुलाबी झाल्या. "कॅमेऱ्याकडे नाही बघितलं."

"तेच तर."

"तेवीस? मला वाटलं पाच-सहा वेळा असेल. मी फार जपून होतो हो..."

"माझी मैत्रीण म्हणते, तेवीस. तिचं सहसा चुकत नाही."

"आणि तुम्ही किती मोजलेत?"

"एकही नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही? तुम्ही सेकंदाचा दहावा भाग मोजता. मग एकही कसं नाही?"

ती उठून उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता येत होता. पुढची सहा महिन्यांची मेहनत डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत होती, आणि तरी तिचं काळीज कापसासारखं हलकं झालं होतं.

"चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "एकदाच सांगणार आहे, दोघांना एकदम. दुसऱ्यांदा धीर होणार नाही."

"दोघांना म्हणजे?"

पण ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर निघाली होती. तो मागोमाग धावला. व्हरांड्याच्या टोकाला मॅडमच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिने टकटक केली आणि 'या' म्हणायची वाट न बघता आत गेली. तो उंबऱ्यात थबकला.

मॅडमनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे पाहिलं, मग दारातल्या माणसाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"हं. छ चं काय ठरलं?"

"काढायचा, मॅडम. मी नवा वर्ग घेईन, आणखी एक सत्र करीन."

"कारण? एका वाक्यात."

मागे वळून न बघता, स्पष्ट आवाजात, ती म्हणाली, "निरीक्षकाचं त्या शिक्षकावर प्रेम आहे."